पाटी कोणी काढली?

'हिडन फिगर्स' हा २०१६ सालचा चित्रपट आम्ही विद्यार्थ्यांना दाखवला, तेव्हा सर्वाधिक टाळ्या पडल्या त्या एका दृश्याला. नासाचा गोरा अधिकारी स्वच्छतागृहावरची वर्णभेदाची पाटी घाव घालून खाली पाडतो. टाळ्या आम्हीही वाजवल्या. आज आमचा आक्षेप आहे तो त्याच टाळ्यांवर.

हे दृश्य प्रत्यक्षात घडलेलेच नाही. तो अधिकारी काल्पनिक आहे. शिवाय चित्रपटातला काळ १९६१ चा; कृष्णवर्णीय गणिती स्त्रियांचा वेगळा विभाग १९५८ सालीच बंद झाला होता. कॅथरीन जॉन्सन तर पाटी नसलेले जवळचे स्वच्छतागृहच वापरीत आणि तक्रारीला भीक घालीत नसत.

पाटी खरोखर काढली गेली ती लँगलीच्या भोजनगृहात. कृष्णवर्णीय 'काँप्युटर्स'साठी, म्हणजे हाताने आकडेमोड करणाऱ्या ह्या स्त्रियांसाठी, राखलेल्या टेबलावर ती असे. मिरियम मॅन ह्यांनी ती उचलून पर्समध्ये टाकली. नवी आली, तीही टाकली. असे होता होता एके दिवशी पाटी येणेच थांबले. हा प्रसंग मार्गो ली शेटर्ली ह्यांच्या मूळ पुस्तकात आहे. चित्रपटाला मात्र तारणहार हवा होता.

कलाकृतीला स्वातंत्र्य असते, हे आम्हांस मान्य आहे. पण त्या स्वातंत्र्याचा कल नेहमी उपकारकर्त्याकडेच का असावा? १९४१ साली रूझवेल्ट ह्यांनी संरक्षण उद्योगांतील वर्णभेदाविरुद्ध आदेश काढला, तो ए. फिलिप रँडॉल्फ ह्यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिल्यावर. त्यानंतर, १९४३ साली, डोरोथी व्हॉन लँगलीत आल्या. गोऱ्यांच्या शाळेतील वर्गांना बसता यावे म्हणून मेरी जॅक्सन ह्यांना हॅम्प्टन शहराची परवानगी मागावी लागली. १९५८ साली त्या अभियंता झाल्या. १९६२ च्या उड्डाणापूर्वी यंत्राची आकडेमोड 'त्या मुलीकडून' तपासून घ्या, असे जॉन ग्लेन म्हणाले. ती 'मुलगी', म्हणजे कॅथरीन जॉन्सन, तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती आणि १९६० च्या शोधअहवालावर तिचे नाव छापले गेले होते.

हक्क मिळवले जातात तेव्हा इतिहास घडतो. तोच इतिहास उपकाराच्या भाषेत सांगितला की मिळवणारे पुन्हा अदृश्य होतात. यंदा आम्ही चित्रपट दाखवूच. त्याआधी भोजनगृहातली ती हकीकत मात्र वर्गात सांगणार आहोत.