पेढीवरून : डावा सिलिंडर



या अंकात वारसापत्राविषयी लिहीन असे मागच्या वेळी कबूल केले होते. तो विषय एक महिना पुढे ढकलतो. कारणही वारशाचेच आहे, फक्त ते कागदाचे नसून लोखंडाचे आहे.

माझ्या थोरल्या बंधूंनी मागे ठेवलेल्या वस्तूंत एक राजदूत 350 मोटारसायकल आहे. यामाहाच्या आरडी 350 या जपानी गाडीची ही भारतीय आवृत्ती एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 मध्ये बाजारात आणली. 347 घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, शेजारी शेजारी दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि अधिक ताकदीच्या प्रकारात 30.5 अश्वशक्ती. त्या काळी आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक दुचाकींजवळ याच्या निम्मीही ताकद नव्हती. मूळ गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक मात्र इकडे येताना ड्रम झाला. पळण्याची तयारी जपानी आणि थांबण्याची तयारी बेताची, असा हा मामला. बंधू ती जपून चालवीत. त्यांच्या पश्चात ती पुतण्याकडे आली आणि त्याने तिला आणखी वेगवान करण्याचे मनावर घेतले.

मूळ सायलेन्सर काढून त्याने मध्ये फुगीर आणि शेवटी निमुळती अशी दोन धुराडी बसवली. त्यांना एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. ती केवळ आवाजासाठी नसतात. धुराबरोबर निघालेली दाबाची लाट फुगीर भागात शिरताना सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढते आणि निमुळत्या टोकावर आपटून परतताना बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत लोटते. सिलिंडर अधिक भरतो, ताकद वाढते. पण अधिक हवेला अधिक पेट्रोल द्यावे लागते, म्हणजे कार्बोरेटरमधले जेट मोठे करावे लागते. पुतण्याने मूळ हवापेटीही काढली आणि तिच्या जागी उघडी गाळणी लावली. हवा आणखी वाढली. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल नुसते जळत नाही, ते आतल्या भागांना थंडही ठेवते. ते कमी पडले की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘सीझ’ होते.

चौदा महिन्यांत ती तीनदा सीझ झाली. दर वेळी वेगळा मेकॅनिक, दर वेळी बोअर आणि दर वेळी नवा पिस्टन. या इंजिनाचा मूळ बोअर 64 मिलिमीटर. प्रत्येक खेपेला तो पाव मिलिमीटरच्या पायरीने वाढवून मोठा पिस्टन घालायचा. अशा पायऱ्या मोजक्याच असतात. आपल्या भाषेत सांगायचे तर हा खर्च नफ्यातून नव्हे, मुद्दलातून चालला होता.

तिसरी खेप पैशांवर निभावण्यासारखी नव्हती. खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याच्या पुढे, सपाट रस्त्यावर बराच वेळ वेगात गेल्यावर त्याने अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि त्याच क्षणी मागचे चाक जागच्या जागी थांबले. टू-स्ट्रोक चालवणारे जाणते लोक दोन बोटे कायम क्लचवर ठेवतात. बंधूंनी पोराला तेवढे शिकवले होते. क्लच दाबल्यामुळे चाक सुटले आणि गाडी डांबरावरून कडेच्या मातीत गेली. मागचा ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. हे पुतण्याने घरी सांगितले नाही. आठ दिवसांनी बरोबरच्या मित्राने वहिनींना सांगितले.

वहिनी माझ्याशी सहसा व्यवहाराचे बोलत नाहीत. त्या दिवशी पेढीवर आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, “भाऊजी, ती गाडी विकून टाका. मला तिचा पैसाही नको.”

विकणे अवघड नव्हते. या गाडीचे शौकीन आजही पुण्या-मुंबईत पुष्कळ. तिसऱ्या मेकॅनिकने नुकताच बोअर करून दिला होता, गाडी गोड चालत होती. एक गिऱ्हाईक दोन दिवसांत इसार द्यायला तयार झाले. त्या रात्री झोप लागली नाही. तीनदा पकडलेले इंजिन चौथ्यांदा पकडणार नाही असे मानायला कोणताही आधार नव्हता. आपला पोरगा ज्या गाडीवर बसू नये असे आपण म्हणतो, ती दुसऱ्याच्या पोराच्या हाती द्यायची, तीही ‘नुकतेच इंजिनकाम झालेली’ असे सांगून? सकाळी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितले आणि भवानी पेठेतल्या एका वयोवृद्ध उस्तादांकडे गाडी घेऊन गेलो.

आधीच्या तिघांनी काय केले होते ते सांगणे आवश्यक आहे. पहिला म्हणाला, जेट लहान आहे, आणि त्याने दोन्ही बाजूंना मोठे जेट घातले. दुसरा म्हणाला, ऑइलपंप कमी तेल देतो, आणि पंपाची केबल ताणून त्याने तेल वाढवले. तिसऱ्याच्या मते पिस्टन आणि सिलिंडर यांत फटच कमी ठेवली गेली होती. तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हता. हत्ती आणि आंधळे हा दृष्टान्त आपल्या प्रवचनांत इतका झिजला आहे की तो देताना संकोच होतो. पण नय म्हणजे काय आणि नयाभास कधी होतो हे मला त्या तीन बिलांवरून जितके कळले, तितके पाठशाळेत कळले नव्हते. प्रत्येकाने आपल्याला दिसलेली बाजू दुरुस्त केली आणि काम तिथेच संपले असे धरले. जमाखर्च जुळत नसला की फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून वही मिटणारा मुनीम आपण दुकानात ठेवत नाही. नवा पिस्टन हे या गाडीचे उचंत खाते झाले होते.

उस्तादांनी अर्धा तास पान्याला हात लावला नाही. पुतण्याला समोर स्टुलावर बसवून विचारत राहिले. किती अंतर गेल्यावर? वेग धरलेला असताना की सोडताना? त्याआधी आवाज बदलला होता का? आणि मग, “बेटा, तिन्ही वेळा पिस्टन कोणत्या बाजूचा?”

तिन्ही वेळा डावा. हे बिलांवर लिहिलेले होते आणि आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

या एका उत्तराने निम्मी गाडी चौकशीतून सुटली. पेट्रोल दोन्ही सिलिंडरांना तेच, टाकी तीच, चालवणारा तोच. दोष सगळ्यांत सामाईक असता तर उजवा पिस्टन कधीतरी गेलाच असता. आता केवळ डाव्याच्या मालकीच्या गोष्टी पाहायच्या. डावा कार्बोरेटर, त्यापुढचे रबरी नळकांडे, डावे पॉइंट (या गाडीत दोन्ही सिलिंडरांचे पॉइंट आणि कॉइल स्वतंत्र असतात), पंपातून डावीकडे येणारी तेलाची नळी, आणि क्रँकच्या डाव्या टोकाचे ऑइल सील.

मग दोन्ही प्लग काढले. उजवा काळा, तेलकट. डावा खडूसारखा पांढरा. प्लग तपकिरी असेल तर मिश्रण योग्य, काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी, हे आमच्या धंद्यातले पोरही जाणते. पण दोन्हीकडे एकाच मापाचे जेट असताना एक काळा आणि दुसरा पांढरा कसा? पहिल्या मेकॅनिकने वाढवलेल्या पेट्रोलात उजवा सिलिंडर बुडत होता आणि डावा तहानलेलाच होता. डावीकडे पेट्रोल कमी येत नव्हते, कुठून तरी हवा जास्त येत होती. पुतण्याला त्यावर आठवले की इंजिन तापले की अ‍ॅक्सिलरेटर सोडूनही रेस पटकन खाली येत नाही. “हे आधी का नाही सांगितलंस?” मी म्हणालो. “कोणी विचारलं नाही, काका.”

तो घाबरून म्हणाला, आपण मूळ सायलेन्सर आणि हवापेटी परत बसवू या. उस्ताद म्हणाले, “आत्ता नको. दुखणं झाकलं जाईल, जाणार नाही.” मला हे फार मोलाचे वाटले. मूळ बांधणीत मिश्रण थोडे सैल हाताचे असते, बारीकशी गळती त्यात खपून जाते. नव्या धुराड्यांनी आणि उघड्या गाळणीने ती सवलत संपवली, म्हणून दुखणे वर आले. पंडितजनांनी क्षमा करावी, पण धुराडी हे निमित्त होते. उपादान आत कुठेतरी दडले होते, आणि आम्ही चौदा महिने निमित्ताशीच भांडत होतो.

पुढे त्यांनी एका वेळी एकच बदल केला आणि प्रत्येक बदल पुतण्याकडून वहीत लिहून घेतला. आधी दोन्ही कार्बोरेटरांची अदलाबदल केली. दोष कार्बोरेटरमध्ये असता तर तो उजवीकडे सरकला असता. सावकाश स्वारगेटपर्यंत जाऊन आल्यावर प्लग पाहिला, पांढरा डावाच. पॉइंट तपासले, ठीक. तेलाच्या नळीत हवा नव्हती. रबरी नळकांड्यांना तडा नव्हता. गिअरबॉक्समधले तेलही घटलेले नव्हते. उजवे सील गेले असते तर ते तेल ओढले जाऊन पांढरा धूर झाला असता. राहिले डावे सील.

टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि मग वर जाते. प्रत्येक फेरीत तिथे एकदा ओढ आणि एकदा दाब निर्माण होतो. क्रँकच्या टोकावरच्या सीलचा ओठ झिजला तर तिथून बाहेरची हवा आत शिरते, मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या वेगाने. बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही. याची परीक्षा करण्याचे यंत्र उस्तादांकडे नव्हते. त्यांनी विचारले, “शेठ, घरात बीपीचं मशीन आहे?” माझेच होते. कार्बोरेटर आणि धुराडी काढून इंजिनाची तोंडे सायकलच्या ट्यूबच्या रबराने घट्ट बंद केली, एका तोंडात नळी बसवली आणि बीपीच्या फुग्याने हवा भरली. काटा 260 वर आणला, म्हणजे साधारण पाच पौंड दाब. धडधाकट इंजिनाने तो कित्येक मिनिटे धरायला हवा. आमच्या डोळ्यांसमोर काटा अर्ध्या मिनिटात खाली आला. अल्टरनेटर उतरवून त्यामागे साबणाचे पाणी लावले तेव्हा डाव्या सीलच्या कडेने बुडबुड्यांची ओळ उठली. इतक्या शांतपणे आलेले उत्तर मी पूर्वी पाहिले नव्हते.

इंजिन उतरवून क्रँककेस उघडले. ते सील हातात घेतले तेव्हा ओठ वाळल्या चामड्यासारखा कडक होता आणि त्याभोवतीची बारीक स्प्रिंग सैल पडली होती. दोन वर्षांपूर्वी, धुराडी बसवण्याच्या आधी, इंजिनाचे काम झाले तेव्हा सगळी सील नवी घातली होती. चांगले सील इतक्यात असे होत नाही.

ती सील आमच्याच पेढीवरून गेली होती.

नाना पेठेत सुट्या भागांचा धंदा करून मला चार दशके झाली. तो माल मला आठवत होता. एक फिरता विक्रेता नेहमीपेक्षा बऱ्याच कमी भावात देऊन गेला होता, कच्च्या बिलावर. डबी नामांकित कंपनीची होती, छपाई किंचित फिकी होती. फिकी आहे हे मला तेव्हाच दिसले होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार येतात. त्यांतला शेवटचा, प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाने नकली देणे. दर वर्षी पर्युषणात मी तो ऐकतो आणि तो भेसळवाल्यांसाठी आहे असे समजून पुढच्याची वाट पाहतो. उस्तादांच्या बाकड्यावर पुतण्यासमोर हे बोलावे लागले. तो काही बोलला नाही. सील परत डबीत घालून ती डबी त्याने माझ्या हातात दिली.

सर्व सील पक्क्या बिलाची आणून बसवली. तीच परीक्षा पुन्हा केली, काटा हलला नाही. त्यानंतरच मूळ हवापेटी आणि मूळ सायलेन्सर परत आले. वहिनींची अट ती होती, शिवाय कंपनीने ठरवलेल्या स्वरूपात परस्पर फेरबदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते, हेही मी पुतण्याला दाखवले. मोठे जेट काढून हवापेटीला साजेसे घातले, पंपाची केबल खुणेवर आणली. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर जाऊन, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करून प्लग पाहिले. दोन्ही तपकिरी. वहीत तेही लिहिले आहे. पुतण्या परवा साताऱ्याला जाऊन आला. वहिनींनी जाऊ दिले. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवले आहे.

त्या मालाची एकूण चौतीस सील आम्ही विकली होती. शिल्लक होती ती मोडून टाकली. बिलबुकांवरून एकवीस जणांना फोन करून पैसे परत केले. त्यांपैकी चौघांची गाडी आधीच सीझ होऊन गेलेली होती, त्यांचा बोअरचा खर्च दिला. बाकीची तेरा रोखीने गेली, त्यांची नावे माझ्याकडे नाहीत. नाना पेठेतल्या आमच्या पेढीवरून मागच्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी राजदूत 350 ची सील नेली असतील त्यांनी, किंवा ज्यांच्या ओळखीत अशी गाडी असेल त्यांनी, ती गाडी तोवर वेगात न चालवता पेढीवर यावे. बिल नसले तरी चालेल. डबीवरची अक्षरे फिकी असतील.