गळकी वाटी

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरी तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच लागते. बंब गेला, घंगाळ गेले, आंघोळीला पाणी आता गिझरचे. तरी देवाची उपकरणी आहेत, दोन कळश्या आहेत आणि एक वाटी आहे. ही वाटी हातात आली की आमची ही दरवर्षी म्हणते, "एवढी मोडीत घाला हो! ना आमटीच्या उपयोगाची, ना आचमनाच्या."

तिचे म्हणणे खोटे नाही. वाटीच्या काठापासून खाली बोटभर चीर गेली आहे. पण वाचकहो, ती वाटी मी स्वतः घडवली आहे, आणि चीरही माझीच!

१९६७ साली मी पुण्यात शिक्षकाच्या प्रशिक्षणाला होतो. शिक्षणात हाताच्या कामाला जागा हवी, हे गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडले होते. कोठारी आयोगानेही १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला होता. आमच्या वाट्याला धातुकाम आले. मी बी.एस्सी. झालेला. चार ठोके मारून पत्र्याची वाटी करायची, यात शिकायचे ते काय, असा माझा तोरा होता.

शिकवायला कसबा पेठेतल्या तांबट आळीतले एक वृद्ध कारागीर येत. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. ते मात्र आम्हां पोरांना 'गुरुजी' म्हणत, आणि त्यात थट्टा नसे.

पत्र्याचा सहा इंची गोल कापायचा. ओंडक्यात कोरलेल्या खळग्यावर धरून लाकडी मोगरीने काठाकडून ठोकत, फेर धरीत मध्यावर यायचे. काठाला चुणी पडली की तिथल्या तिथे बसवायची. दुमडली की काम गेले. मामांच्या हाताखाली पत्रा पुरीसारखा फुगत असे. माझा मात्र उन्हात वाळवलेल्या पापडासारखा वाकडातिकडा होई.

ठोकून ठोकून तांबे कडक होते. मग ते भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवायचे. मामांनी असा लाल पत्रा सांडशीने उचलला आणि सरळ पाण्यात टाकला. मी ओरडलो, "अहो मामा, कडक होईल ना!"

"ते पोलादाचं, गुरुजी. हे तांबं आहे. घ्या, वाकवून बघा."

पत्रा दोन बोटांनी वाकला. ठोक्यांनी धातूचे कण आवळून बसतात आणि आचेने नव्याने जुळतात, हे मी पुस्तकात वाचले होते. हाताला ते त्या दिवशी प्रथम कळले.

पुढच्या आठवड्यात एके सकाळी माझा सरावपाठ होता. इयत्ता सहावी, अपूर्णांकांची बेरीज. मागच्या बाकावर आमचे प्राध्यापक वही उघडून बसलेले. एका मुलाला फळ्याशी बोलावले. ३/४ अधिक २/३. त्याने लिहिले, ५/७. मी समजावले. त्याने पुन्हा तेच लिहिले. मी आवाज चढवला. तिसऱ्या वेळी वर्ग हसला, आणि मग त्या मुलाला चार त्रिक किती हेसुद्धा सांगता येईना. तो खडू धरून नुसता उभा राहिला. पाठ कोसळला. मी त्या मुलावर मनातून इतका चिडलो की दुपारी कार्यशाळेत तो राग पत्र्यावर निघू लागला.

पलीकडून मामांचा आवाज आला, "गुरुजी, थांबा. आवाज बदललाय. पत्रा थकलाय."

"दहाच ठोके राहिलेत मामा."

चौथ्या ठोक्याला वाटी चिरली.

मामा उठून आले. वाटी हातात घेऊन त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला. "कितीदा तापवलीत?"

"एकदाच."

"मग तिचा काय दोष?" एवढेच बोलून ते आपल्या जागी गेले.

त्या रात्री खोलीवर मला झोप लागली नाही. डोळ्यांपुढे वाटी नव्हती, खडू धरलेला तो हात होता.

पुढच्या पाठाला त्या मुलाला मी फळ्याशी बोलावले नाही. त्याच्याच बाकावर बसलो, कागदाची पट्टी बारा घड्या घालून त्याच्यापुढे ठेवली आणि गप्प राहिलो. तीन चतुर्थांशाची घरे किती, दोन तृतीयांशाची किती, ती त्याची त्याने मोजली. नऊ आणि आठ. बराच वेळ गेला. मग त्याने लिहिले, १७/१२. तो पुढे मोठा गणिती झाला असे सांगितले तर गोष्टीला रंग चढेल. पण त्याचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. त्या दिवशी त्याचे उत्तर बरोबर आले, एवढे खरे.

दुसरी वाटी मी चारदा तापवून केली. ती छान झाली. आईला दिली; कुठल्याशा बदलीत ती हरवली. चिरलेली मात्र राहिली.

पुढे चौतीस वर्षे मी शिकवले. दर वेळी आवाज वेळेवर ऐकू आला, असे नाही. काही मुलांपुढे ते दहा ठोके मी मारलेच, आणि ते आठवले की आजही बरे वाटत नाही.

यंदाही हिने वाटी घासून लख्ख केली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी नेहमीचे उत्तर दिले. ती म्हणाली, "ठेवा मग. निदान त्यात पणती तरी ठेवता येईल."

इतक्या वर्षांत हे मला कसे सुचले नाही?