मिरवणुकींतील मुका फोन

अनंतचतुर्दशीस लक्ष्मी रस्त्यावर मोबाईल मुका कां होतो, असें विद्यार्थी आम्हांस विचारतात. मनोऱ्याच्या वांट्याला लहरींचा ठराविकच पट्टा येतो आणि त्या टापूंतील सर्व फोन तोच वांटून घेतात. विसर्जनास माणसें लोटलीं, कीं प्रत्येकाचा हिस्सा आकसतो. फिरते मनोरे आणल्यानें भार थोडा हलका होतो, हें खरें. संगणकांच्या जाळ्यासाठीं व्हॅन जेकबसन यांनीं १९८८ सालीं युक्ति मांडली: वाट तुंबल्याची खूण दिसतांच पाठविणाऱ्यानें आपला वेग घटवावा, मग हळूहळू वाढवावा. यंत्रें त्याच धर्तीचे नियम आजहि पाळतात. आपण मात्र ढोलताशांच्या चित्रफिती तेथूनच धाडण्याचा हट्ट धरतों! आमच्या मतें त्या घरीं पोहोंचल्यावर धाडाव्या. गर्दींत चुकलेल्या मुलाची आई त्याच क्षणीं फोन लावीत असते.