गोळी भारी, पण बॅरलला झेपेल का?

जास्त वजन म्हणजे जास्त भारी, हे नेमबाजीत दर वेळी खरं नसतं.

अमेरिकेत पॉइंट २२३ रायफलने ६०० यार्डांवर नेम धरणारे स्पर्धक जड गोळी घेतात, कारण ती वाऱ्याने कमी ढळते. पण जाडी तीच ठेवून गोळी जड केली की ती लांब होते आणि लांब गोळीला हवेत सरळ राहायला जास्त गिरकी लागते. ही गिरकी देतो बॅरलमधल्या खाचांचा पीळ. १२ इंचांत एक फेरी देणाऱ्या बॅरलला ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची गोळी चालते. ७७ ग्रेनच्या, म्हणजे ५ ग्रॅमच्या गोळीला साधारण ८ इंचांत एक फेरी हवी. नाहीतर ती कोलांट्या खाते आणि टार्गेटच्या कागदावर आडवं भोक पडतं. ब्रिटिश गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ मध्येच याचं सूत्र मांडलं होतं.

थोडक्यात, नेम चुकला म्हणजे हातच थरथरला असं नाही!

स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्यात ब्राँझ जिंकलं, त्या ५० मीटरच्या पॉइंट २२ प्रकारात वजन साधारण ठरलेलं असतं, ४० ग्रेन. पीळही बहुतेक १६ इंचांत एक फेरी. तरी कुठल्या लॉटची गोळी आपल्या बॅरलला जमते, हे झाडूनच बघावं लागतं. त्यात गोळ्या जातात, पैसे जातात. क्लब आणि संघटनांनी ज्युनिअर्ससाठी ही सोय करायलाच हवी. पोरांना ‘फोकस वाढवा’ सांगण्याआधी त्यांच्या बॅरलला काय झेपतं, ते तरी बघा की राव!