निमोला घर हवे, पण कोणते?

कोपरखैरण्याच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे : मुलांच्या हट्टाने दोन क्लाउनफिश आणले, आता अ‍ॅनिमोन कोणते घ्यावे? आमचे उत्तर : टाकी सहा महिने जुनी होईपर्यंत कोणतेच नाही. त्याच्यावाचून मासे उपाशी राहत नाहीत. जवळच ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची पैदास होते. हॅचरीतल्या पिल्लांनी अ‍ॅनिमोन बहुधा पाहिलेलेही नसते.

घ्यायचेच तर बबल-टिप. समुद्रात ऑसेलारिस जातीचा मासा त्यात राहत नाही, टाकीत मात्र बहुधा जुळवून घेतो. कार्पेट अ‍ॅनिमोन देखणे खरे, पण इतर मासे गिळते. पांढरेशुभ्र दिसले तर भुलू नका. त्याच्या अंगातले सूक्ष्म शेवाळ, म्हणजे त्याचा स्वयंपाकीच, निघून गेलेला असतो. तोंड मिटलेले आणि पाय न फाटलेला पाहूनच घ्या.

आणि हो, अ‍ॅनिमोन चालते! जागा आवडली नाही तर सरकत पंपात जाते, त्याचे तुकडे होतात, पाणी नासते आणि मासेही दगावतात. म्हणून पंपाला जाळी आधी, खरेदी नंतर. पाणी नळाचे थेट नको, आर.ओ.चे घेऊन त्यात समुद्री मीठ मिसळा. लाईट जाते तेव्हासाठी बॅटरीचा हवापंप जवळ ठेवा.