रिकाम्या गाडीची उंची

वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे आपल्या खानदेशी लोकांच्या आखाजीला, पंधरा-वीस दिवसांचा अवकाश उरला की सुरतेतील लिंबायत, डिंडोली, गोडादरा आणि उधना या वस्त्यांतील गॅरेजांपुढे गाड्यांची रांग लागते, कुणाचे ब्रेक बसलेले असतात, कुणाला एसीचा गॅस भरावयाचा असतो, कुणाचे मागचे शॉकअप गेलेले असतात, आणि या गर्दीच्या कडेला उभा असलेला एखादा यंत्रमागावरील कारागीर किंवा कापडबाजारातील मुनीम हाताची कामे आटोपलेल्या मिस्त्रीस हळूच विचारतो, "दादा, औंदा गाडी लेवानी शे, उंच लेऊ का सात सीटनी लेऊ?" शोरूममधील विक्रेत्याने गोड शब्दांत सर्व काही समजावून दिलेले असूनही हा गृहस्थ आपल्याकडे येतो, याचे कारण उघड आहे. त्याच्या पाच-सात वर्षांच्या हप्त्यांचा हा मामला असतो आणि त्याला खातरजमा करून घ्यावयाची असते ती आपल्याच माणसाकडून. मिस्त्री, चालक, भाड्याच्या गाड्यांचे मालक आणि जुन्या गाड्यांचे दलाल हे या मासिकाचे वाचक. त्यांनी या प्रश्नाला द्यावयाचे उत्तर पुरेशा विचाराने दिले जात नाही असे आम्हांस वाटते, सबब या महिन्याची ही जागा त्या एकाच प्रश्नासाठी राखली आहे.

प्रथम नावांचा गोंधळ दूर केला पाहिजे. आपल्या लोकांनी माणसे वाहणारी गाडी ओळखली ती १९८४ साली आलेल्या मारुतीच्या व्हॅनमुळे, जिला पुढे ओम्नी म्हणू लागले आणि जी २०१९ पर्यंत बनत राहिली. त्यानंतर १९९४ ची सुमो, २००० ची क्वालिस, २००५ ची इनोव्हा आणि २०१२ ची अर्टिगा. यांपैकी कोणती गाडी कोणत्या जातीची, हे लोकांनी कधी विचारले नाही. किती माणसे बसतात एवढेच विचारले. एसयूव्ही हा शब्द मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत असा काही पसरला की, मोटारीच्याच सांगाड्यावर उभारलेल्या आणि पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या क्रेटासारख्या गाडीला तो बिनदिक्कत लावला जातो, आणि ट्रकासारख्या वेगळ्या चासीवर बांधलेली, मागच्या चाकांनी चालणारी इनोव्हा क्रिस्टा मात्र केवळ 'फॅमिली गाडी' ठरते. खुद्द जीएसटी परिषदेलाही अखेर हे नाव सोडून द्यावे लागले. ११ जुलै २०२३ च्या बैठकीत तिने ठरविले की गाडीला कोणत्याही नावाने ओळखले जात असो, लांबी चार मीटरांहून अधिक, इंजिन पंधराशे सीसींहून मोठे आणि जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा अधिक असेल तर तिच्यावर बावीस टक्के उपकर बसावा. आणि ही उंची रिकाम्या गाडीची धरावी. तो उपकर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आणि मोठ्या गाड्यांवर सरसकट चाळीस टक्के कर आला. परंतु त्या निर्णयातील 'रिकाम्या गाडीची' हे शब्द आपण व्यवसायबंधूंनी कायमचे लक्षात ठेवावेत अशा योग्यतेचे आहेत.

कारण ज्या उंचीला भुलून आपला ग्राहक लाख-दोन लाख अधिक मोजावयास सिद्ध होतो, ती उंची रिकाम्या गाडीची असते, आणि आखाजीला गावी निघालेली गाडी कधीही रिकामी नसते. लोकप्रिय 'उंच' गाड्या आणि अर्टिगा, कॅरेन्स यांसारख्या सात आसनी गाड्या यांच्या पोटाखालील अंतरात प्रत्यक्षात एखाद्या बोटाचा फरक असतो. माणसे आणि गाठोडी चढताच स्प्रिंग दबून तो कुठल्या कुठे जातो. आमच्या वस्तीत या उंचीसाठी आणखी एक कैफियत मांडली जाते, ती मिठी खाडीची. २००६ च्या ऑगस्टमधील तापीचा महापूर ज्यांनी पाहिला आणि जे दर पावसाळ्यात खाडीचे पाणी गल्लीत शिरताना पाहतात, त्यांची भीती निराधार आहे असे कोण म्हणेल? तथापि प्रत्येक मिस्त्रीला हे ठाऊक आहे की पाण्यात गाडी मरते ती एअर फिल्टरच्या वाटेने इंजिनात पाणी गेल्यामुळे, आणि बंद पडल्यावर घाबरलेल्या मालकाने पुन्हा चावी फिरवून कनेक्टिंग रॉड वाकविल्यामुळे. खाडीच्या पाण्यापासून वाचण्याचा उपाय गाडी आधीच उंचवट्यावर नेऊन लावणे हाच आहे. तो सांगावयास पैसे पडत नाहीत.

उंच गाडीला प्रयोजनच नाही असे मात्र आम्ही म्हणत नाही. ज्याचे गाव धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत आहे, ज्याला भर पावसाळ्यात शेतापर्यंत गाडी न्यावी लागते, त्याने मजबूत चासीची आणि शक्य तर चारही चाकांना ओढ असलेली गाडी अवश्य घ्यावी. परंतु असा ग्राहक थोडा. बहुतेकांची वाट बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारी घाट, साक्री आणि धुळे अशी राष्ट्रीय महामार्गाने जाते.

खरा हिशेब माणसांचा आहे. आमच्या घरांत कानबाईचे रोट असोत, बहिणीला आखाजीस आणणे असो वा चैत्रात सप्तशृंगगडावर जाणे असो, आई-वडील, दोन भावांचे संसार आणि मुले मिळून सात-आठ माणसे सहज होतात. परतीच्या प्रवासात बाजरी, उडदाची डाळ, कळण्याचे पीठ आणि लोणच्याच्या बरण्या यांची भर पडते. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका कुटुंबाने मोठ्या हौसेने पाच आसनी उंच गाडी घेतली. पहिल्याच आखाजीला गुडघे धरलेली आजी उधन्याहून भुसावळच्या रेल्वेने एका नातवासह निघाली आणि गाडी तिच्याशिवाय गावी पोहोचली. म्हातारीने तक्रार केली नाही, पण ज्या प्रसंगासाठी गाडी घेतली तो प्रसंगच त्या गाडीत मावला नाही, हे घरातील प्रत्येकाला कळले. सात आसनांची उंच गाडी घेतली असती तरी तिसऱ्या रांगेत शिरण्यासाठी उंच पायरी चढून, मधली सीट दुमडून, वाकून आत जावे लागले असते. ओम्नीचे सरकते दार आणि खुर्चीच्या उंचीची बैठक म्हाताऱ्यांना का आवडे, ते अशा वेळी समजते. म्हणून ग्राहक येईल तेव्हा त्याला घरातील सर्वांत वृद्ध माणूस बरोबर आणावयास सांगावे आणि तिसऱ्या रांगेत त्या माणसास बसवून पाहावे.

आता माणसे वाहणाऱ्या गाड्यांचे दोषही आपणच सांगितले पाहिजेत. सीएनजीची टाकी बसली की मागची सामानाची जागा संपते. मग पोती कॅरिअरवर चढतात, गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कोंडाईबारीच्या वळणावर ती चालकाच्या हाताबाहेर जाऊ पाहते. मुळातच उंच असलेल्या गाडीत हा धोका अधिक, पण कमी उंचीच्या गाडीतही तो असतोच. धडकेच्या परीक्षेतही सरसकट विश्वास नको. ग्लोबल एनकॅपच्या २०२४ मधील चाचणीत अर्टिगेला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एकच तारा मिळाला, तर त्याच संस्थेने २०२१ साली तिच्याहून लहान आणि स्वस्त अशा ट्रायबरला चार तारे दिले होते; आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये इनोव्हा हायक्रॉसने पाच तारे मिळविले. गाडीची जात पाहून सुरक्षितता ठरत नाही. त्या त्या गाडीचा निकाल ग्राहकापुढे ठेवावा लागतो.

आणि पट्टा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघातात अंत झाला तेव्हा ते एका महागड्या एसयूव्हीत मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार पट्टा न लावल्यास, किंवा चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने वा बालआसनाने सुरक्षित न बसविल्यास हजार रुपये दंड आहे. पण दंडाची गोष्ट बाजूला ठेवू. आपल्या जुन्या जीपगाड्यांतील समोरासमोरच्या बाकड्यांवर मुले कोंबून नेण्याची सवय आपणा सर्वांना आहे, आणि ती सवय आपण नव्या गाडीतही नेतो. आर.सी. बुकात जितकी आसने लिहिली आहेत तितकीच माणसे न्यावीत, हे भाड्याने जाणाऱ्या आपल्या चालकांनी आधी पाळले तर घरच्या गाडीवाल्यांना सांगण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल.

आमचे मत स्पष्ट आहे: लिंबायतच्या सामान्य खानदेशी कुटुंबाने सात आसनी, कमी पायरीची, तिसऱ्या रांगेत प्रौढ माणूस बसू शकेल अशी आणि धडकेच्या चाचणीत चांगली ठरलेली गाडी घ्यावी, ती नवी परवडत नसल्यास जुनी घ्यावी, पण दिमाखासाठी आजीची जागा घालवू नये.

एक विनंती मात्र याच महिन्यात अमलात आणण्याजोगी आहे. नवी गाडी घेताच लोक सीट कव्हर चढवितात आणि मागच्या दोन्ही रांगांच्या पट्ट्यांची कुलपे त्या कव्हराखाली गाडली जातात. आखाजीपूर्वी आपल्याकडे जी जी गाडी कामाला येईल तिची कव्हरे उचलून ती कुलपे बाहेर काढावीत, पट्टा ओढून लागतो की नाही ते पाहावे आणि मालकाला बोलावून दाखवावे. या कामाचे पैसे कृपया घेऊ नयेत.