होडी त्याची, कालवं तिची

आमच्या शेलूला समुद्र नाही, आहे ती उल्हास नदी. समुद्र आमच्याकडे येतो तो मासेवाल्या मावशीच्या पाटीतून. मावशीचं माहेर उरणकडचं. परवा सहज विचारलं, "मावशी, कालवं नाही आणलीत?" तर म्हणाली, "ताई, माझी आई ओहोटीला जाऊन खडकावरची कालवं फोडायची, वाटीवाटीने विकायची. आता खडकावर नुसता चिखल बसलाय."

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. मोठी कंटेनर जहाजं धक्क्याला लागायची तर पाणी खोल हवं. म्हणून समुद्रतळाचा गाळ आणि खडक काढून जहाजांची वाट दोन टप्प्यांत खोल केली. आपण उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढतो, तसंच वाटतं ना? पण विहीर एकदा उपसली की काही वर्षं निश्चिंती. इथे भरती-ओहोटी रोज नवा गाळ आणते, म्हणून उपसा पुन्हा पुन्हा. पाणी गढूळ होतं आणि तळाशी राहणाऱ्या जिवांचं घरच मोडतं.

बंदर नकोच, असं मी म्हणत नाही. आपल्या घरातल्या कितीतरी वस्तू त्याच वाटेने येतात. प्रश्न हिशेबाचा आहे. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मोठीच गोष्ट! पण हिशेब झाला कुटुंबाचा. आणि कुटुंब म्हटलं की कागदावर पहिलं नाव कुणाचं लागतं, ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. होडी त्याची, जाळं त्याचं. मग कालवं फोडणारी, सुकट वाळवणारी, पाटी घेऊन दारोदार फिरणारी? तिचा बुडालेला धंदा कोण मोजणार?

मावशीला विचारलं, "आईचं नाव होतं का हो कुठल्या यादीत?" ती हसली. "तिची कुठे होडी होती, ताई?"

पालघर जिल्ह्यात वाढवणला २०२४ साली नव्या बंदराचं भूमिपूजन झालं. तिथे पाणी मुळातच खोल, पण समुद्रात भराव मोठा. तिथल्या मैत्रिणींनो, सर्व्हेवाले दारात आले की आत चहा टाकायला जाऊ नका. पुढे व्हा, आणि आपलं नाव, आपलं काम वेगळ्या ओळीत लिहून घ्यायला लावा. चहा नंतरही होईल.